लाकूडकामाचे प्रादेशिक प्रदर्शन : आपली फळी बरोबर न्यावी

लाकूडकामाच्या प्रदर्शनात रंधा कधीच अडत नाही. तिथे टेबलावर बसवलेली फळी विक्रेत्याने निवडून आणलेली असते, तिचे तंतू सरळ असतात, पात्याला सकाळीच धार लावलेली असते आणि रंधा चालवणारा माणूस दिवसभर त्याच फळीवर हात फिरवत असतो. साहजिकच पारदर्शक छिलका अलगद बाहेर पडतो, बघणारा भारावतो आणि घरी गेल्यावर तोच रंधा आपल्या लाकडावर खड्डे का पाडतो हे त्याला कळत नाही. मागील दोन वेळा आमचीही अशीच फसगत झाली होती. म्हणून यंदा हौशी लाकूडकाम करणारे आम्ही चौघे या तीन दिवसांच्या प्रादेशिक प्रदर्शनाला जाताना स्वतःची एक फळी बरोबर घेऊन गेलो. प्रदर्शनाचे हे परीक्षण बरेचसे त्या फळीने केलेले आहे.

फळी शिसवाची होती, एका जुन्या पलंगातून निघालेली, ६० सेंटिमीटर लांब, १२ सेंटिमीटर रुंद आणि २५ मिलिमीटर जाड. या लाकडात अनेकदा एका थरातले तंतू एका बाजूला आणि पुढच्या थरातले दुसऱ्या बाजूला झुकलेले असतात, त्यामुळे रंधा कोणत्याही दिशेने मारला तरी कुठेतरी तो उलटा जातोच आणि तंतू मुळापासून उपसून येतात. प्रवेशद्वारावरच्या रक्षकाला ही फळी आत का न्यायची आहे हे पटवून देण्यात पाच मिनिटे गेली. बाहेर पडताना ती चोरीची ठरू नये म्हणून शेवटी त्यांनीच तिच्यावर सही केलेली चिठ्ठी चिकटवून दिली. ही व्यवस्था आयोजकांच्या नियमांत बहुधा नसावी, पण तीन दिवसांतील सर्वांत समंजस निर्णयांपैकी तो एक होता.

प्रदर्शन तीन दालनांत मांडलेले होते. पहिल्यात यंत्रे, दुसऱ्यात हातहत्यारे आणि धारेची साधने, तिसऱ्यात लाकूड, पॉलिश आणि स्पर्धेतील वस्तू. मांडणी वरवर ठीक वाटली तरी दुसऱ्या आणि तिसऱ्या दालनातील प्रकाशयोजनेबद्दल तक्रार नोंदवणे भाग आहे. छतावरून सर्वत्र सारखा पडणारा पांढरा प्रकाश लाकडाच्या पृष्ठभागावरचे सगळे दोष झाकतो. रंध्याने उपसलेले तंतू, यंत्राच्या पात्याने सोडलेल्या लाटा, पॉलिश पेपरचे ओरखडे हे सारे बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला समांतर येणाऱ्या प्रकाशातच दिसतात. आमच्यातील मैत्रिणीने खिशातून छोटी बॅटरी काढून ती एका गुळगुळीत म्हणून मिरवल्या जाणाऱ्या टेबलाच्या कडेला आडवी धरली, तेव्हा तिथल्या विक्रेत्याचा चेहरा जरा उतरला. पुढे दोन दिवस आमच्या हातात फळी आणि बॅटरी एवढेच सामान होते.

रंध्यांच्या टेबलांपाशी आम्ही सर्वाधिक वेळ घालवला आणि तो वेळ सत्कारणी लागला. पहिल्या विक्रेत्याकडे कमी कोनाचा रंधा होता. या प्रकारात पाते १२ अंशांच्या उतारावर बसते, त्याची धारेसाठी घासलेली तिरपी बाजू वर असते आणि धारेचा कोन २५ अंशांचा ठेवला तर लाकडाला भिडणारा एकूण कोन ३७ अंश होतो. फळीच्या टोकाकडील आडवे कापलेले तंतू साफ करण्यासाठी हा कोन उत्तम, आणि विक्रेता दाखवतही तेच होता. आमच्या शिसवाच्या सपाट बाजूवर मात्र त्याच रंध्याने दुसऱ्याच फटक्यात नखाएवढे खड्डे पाडले. याचे कारण सांगणे विक्रेत्याला कठीण नव्हते, कारण या रंध्याची खरी सोय त्यातच आहे: ४३ अंशांची धार असलेले दुसरे पाते बसवले की एकूण कोन ५५ अंशांवर जातो आणि हट्टी लाकूडही पुष्कळसे शांत होते. परंतु तसे दुसरे पाते त्यांच्या टेबलावर नव्हते आणि एकच रंधा सगळी कामे करतो, हे त्यांच्या फलकावरचे वाक्य त्या दुसऱ्या पात्याबद्दल काही सांगत नव्हते.

दुसऱ्या टेबलावर नेहमीचा लोखंडी रंधा होता, ज्यात पाते ४५ अंशांवर टेकलेले असते आणि घासलेली बाजू खाली असते. इथे धारेचा कोन २५ अंश ठेवा की ३० अंश, लाकडाला भिडणारा कोन ४५ अंशच राहतो, कारण तो रंध्याच्या बैठकीने ठरतो. ही साधी गोष्ट तिथे काम करणाऱ्या तरुणाला ठाऊक नव्हती आणि पाते अधिक टोकदार घासल्यास खड्डे पडणार नाहीत, असा सल्ला त्याने आम्हाला दिला. रंध्याची घडण चांगली होती, तळ सपाट होता, मूठ हाताला बसत होती. तरीही शिसवावर त्याने पहिल्या रंध्याइतकेच नुकसान केले.

तिसऱ्या टेबलावर एक वयस्कर प्रात्यक्षिककार बसले होते. त्यांनी आमची फळी हातात घेतली, ती उजेडाकडे तिरपी धरून तंतू पाहिले आणि हसून म्हणाले, "ही तुम्ही मुद्दाम आणलेली दिसते." मग त्यांनी रंधा उघडला. पात्याच्या पाठीवर जी लोखंडी पट्टी बसवलेली असते, जिला चिप ब्रेकर म्हणतात, तिचे टोक बहुतेक लोक धारेपासून एक-दीड मिलिमीटर मागे ठेवतात. त्यांनी ते धारेच्या इतके जवळ आणले की मधली जागा कागदाच्या जाडीएवढीच उरली, म्हणजे ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या दरम्यान. पट्टीच्या पुढच्या कडेलाही त्यांनी सुमारे ५० अंशांचा बारीक उतार घासून ठेवलेला होता. अशा मांडणीत पात्याने उचललेला छिलका लगेच त्या पट्टीवर आदळून पुढे वाकतो, त्याला तंतू खोलवर फाडत नेण्याची सवड मिळत नाही. जपानमधील यामागाता विद्यापीठातील कातो आणि कावाई या संशोधकांनी हेच घडताना सूक्ष्मदर्शकातून चित्रित केले होते आणि त्या चित्रफितीमुळे हौशी मंडळींत या जुन्या युक्तीची पुन्हा चर्चा सुरू झाली. युक्ती जुनी म्हणायची, कारण दुहेरी पात्याचे रंधे अठराव्या शतकापासून वापरात आहेत.

त्यांनी रंधा मारला तेव्हा छिलका गुंडाळला गेला नाही. तो सरळ उभा राहिला आणि चुरगळल्यासारखा बाहेर आला. पट्टी खरोखर काम करत असल्याची हीच खूण असल्याचे त्यांनी सांगितले. आम्ही बॅटरी आडवी धरून पाहिली. आधीच्या दोन टेबलांवर पडलेले खड्डे आठ-दहा फटक्यांत गेले होते आणि नवा एकही पडला नव्हता. त्यांचा रंधाही ४५ अंशांचाच होता, म्हणजे दुसऱ्या टेबलावरच्या रंध्याहून तत्त्वतः वेगळा नव्हता. मी नवा रंधा घ्यायच्या तयारीने गेलो होतो. तसे सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडचा रंधा कोणता, त्याची पट्टी कुठे बसवता असे विचारले आणि आधी ती पुढे सरकवून पाहा, मग हवा तर नवा घ्या, असा सल्ला दिला. त्यांना त्या टेबलावर बसवणाऱ्या कंपनीला हा सल्ला कितपत रुचेल, हा प्रश्न निराळा.

त्याच दालनात धारेचा कोपरा होता. तिथली प्रात्यक्षिके मनगटावरचे केस भादरून दाखवण्यावर आणि कागदाच्या पट्ट्या कापण्यावर भर देणारी होती. धार चांगली आहे एवढे त्यातून कळते, परंतु लाकडावर ती कशी चालेल हे कळत नाही. मऊ लाकडाच्या टोकाकडील तंतू पटाशीने कापून पाहणे ही त्याहून खरी परीक्षा आहे, कारण बोथट धार तिथे तंतू कापण्याऐवजी चुरडते आणि पृष्ठभाग पांढरट, खरखरीत राहतो. आमच्या विनंतीवरून एका महिला प्रात्यक्षिककारांनी तसे करून दाखवले. १००० क्रमांकाच्या दगडावर मागच्या बाजूला धातूची बारीक कोर लागेपर्यंत घासायचे, मग ८००० क्रमांकाच्या दगडावर ती कोर काढायची (क्रमांक जितका मोठा तितका दगड बारीक), एवढीच त्यांची पद्धत होती. मधले दोन-तीन दगड का लागत नाहीत, याचे त्यांचे उत्तर असे की पात्याच्या अगदी टोकाशी अर्धा मिलिमीटर रुंदीचा दुसरा उतार ठेवला तर मोठ्या क्रमांकाच्या दगडाला घासायला धातूच फारसा उरत नाही. दगड स्वतःच मधोमध झिजून खोलगट होतात आणि त्यांना वेळोवेळी सपाट करावे लागते, हे त्यांनी आपणहून सांगितले. दगड विकणाऱ्या शेजारच्या टेबलावर मात्र हा विषय निघाला नाही.

यंत्रांच्या दालनात आमच्यातील यंत्रप्रेमी मित्र रमला, बाकीचे तिघे अर्ध्या तासात थकलो. आवाज इतका होता की विक्रेत्याचे बोलणे ऐकण्यासाठी कानातले बोळे काढावे लागत, आणि बोळे काढले की बोलणे ऐकण्याची इच्छा उरत नसे. गर्दी अर्थातच बोट लागताच थांबणाऱ्या गोल करवतीभोवती होती. स्टीफन गॅस यांनी १९९९ मध्ये शोधलेल्या या तंत्रात पात्याला सूक्ष्म विद्युत संकेत दिलेला असतो. वीजवाहक शरीराचा स्पर्श झाला की ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसून ते सुमारे पाच मिलिसेकंदांत थांबते. ठोकळा आणि बहुधा पातेही त्यानंतर बदलावे लागते. खूप ओल्या लाकडाने किंवा लाकडातील खिळ्यानेही हे घडू शकते, ही माहिती प्रात्यक्षिक देणाऱ्याने दिली, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण होय. मात्र पाहणारे लोक या एका भीतीतून मोकळे होऊन बाहेर पडत होते. करवतीच्या मागच्या बाजूला फळी मिटून पात्याला चिमटली की ती गोळीसारखी चालवणाऱ्याच्या अंगावर फेकली जाते, आणि तो धोका टाळण्याचे काम पात्यामागे उभ्या राहणाऱ्या पोलादी पाचरीचे असते. शेजारच्या दोन यंत्रांवर ती पाचर प्रेक्षकांना पाते नीट दिसावे म्हणून काढून ठेवलेली होती. आयोजकांनी याकडे लक्ष द्यायला हवे होते. नवशिके जे पाहतात तेच घरी करतात.

धूळ शोषणाऱ्या यंत्रांबाबतही असेच म्हणावे लागेल. प्रत्येक विक्रेता जाड ढलप्यांचा ढीग नळीने गिळून दाखवत होता. ढलप्या गिळणे सोपे आहे आणि त्यांचा अपायही कमी. छातीत जाणारी धूळ एरवी डोळ्यांना दिसत नाही आणि हवेत बराच वेळ तरंगत राहते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच लाकडाच्या धुळीला मानवी कर्करोगाचे सिद्ध कारण असलेल्या पहिल्या गटात टाकले आहे. आम्ही आमच्या फळीचा एक कोपरा यंत्राने घासून पाहण्याची परवानगी मागितली. दोघांनी नकार दिला, तिसऱ्याने दिली, आणि बॅटरीच्या झोतात त्या यंत्राभोवती शिसवाची जांभळट धूळ स्पष्ट तरंगताना दिसली. तरीही परवानगी देणाऱ्याबद्दल आमचे मत नकार देणाऱ्यांपेक्षा चांगले झाले.

कातकामाच्या मंचाबद्दल आमच्या कातारी मित्राचे मत इथे नोंदवतो, कारण त्यातले मला फारसे कळत नाही. ओल्या लाकडाचा वाडगा कातताना लांबलचक ओल्या फिती उडत राहतात आणि लोक टाळ्या वाजवतात. त्याला रस होता तो वाडगा वाळताना काय करतो यात. प्रात्यक्षिककाराने पहिल्या कातणीत भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी, म्हणजे ३० सेंटिमीटरच्या वाडग्याला सुमारे ३ सेंटिमीटर ठेवली आणि तो वाळून लंबगोल झाल्यावर पुन्हा लेथवर चढवून गोल कसा करायचा हे आधीच वाळवलेल्या दुसऱ्या वाडग्यावर दाखवले. दोन्ही टप्पे एकाच बैठकीत दाखवणारा माणूस विरळा, असे मित्राचे म्हणणे. दर दहा-बारा मिनिटांनी थांबून हत्यार धारेच्या चक्रावर धरण्याची त्याची सवयही मित्राला भावली. प्रेक्षकांपैकी काही जण त्या वेळी उठून गेले, हे मात्र त्याला खटकले.

तिसऱ्या दालनातील लाकडाच्या थप्प्या हे आमच्यासाठी मोठे आकर्षण होते आणि मोठी निराशाही. कडा तशाच ठेवलेल्या भल्या रुंद लाद्यांचा सध्या बोलबाला आहे. त्यातील भेगांत रंगीत रेझिन ओतून केलेली टेबलेही जागोजागी होती. नदीसारख्या दिसणाऱ्या त्या निळ्या पट्ट्यांविषयी आम्हा चौघांत दोन तट पडले आणि ते अजून जुळलेले नाहीत. मुद्दा ओलाव्याचा होता. 'पूर्ण वाळलेले' अशी पाटी असलेल्या ६० सेंटिमीटर रुंदीच्या एका सागवानी लादीवर मैत्रिणीने आपला टोचून मोजायचा ओलावामापक लावला, तेव्हा आकडा १७ टक्के आला. घरात ठेवायच्या सामानासाठी हवामानाप्रमाणे साधारण ८ ते १२ टक्के ओलावा अपेक्षित असतो. ओलाव्याच्या संपृक्त अवस्थेपासून पूर्ण कोरडे होईपर्यंत सागवान खोडातील वाढीच्या वर्तुळांच्या स्पर्शरेषेच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आक्रसते. हिशेब केला तर ही लादी १७ वरून १० टक्क्यांवर येताना रुंदीत सुमारे ८ मिलिमीटरने कमी होईल. खाली स्क्रूने घट्ट आवळलेली चौकट असेल तर ती लादी तडकेल, नाहीतर चौकट वाकवील. विक्रेत्याने आमच्या मापकावर शंका घेतली, जी रास्तही होती, कारण मापकावर लाकडाची जात योग्य निवडलेली असावी लागते. त्यांनी स्वतःचा मापक आणला. तो १६ दाखवत होता. त्यानंतर त्यांनी पाटी उलटी करून ठेवली.

शिसवाच्या कागदपत्रांविषयी दोन टेबलांवर दोन उत्तरे मिळाली. एकाने त्याच्या व्यापारावर जगभर बंदी असल्याचे सांगितले, दुसऱ्याने कशाचीही गरज नसल्याचे. दोन्ही चूक. शिसव ज्यात मोडते त्या डॅल्बर्जिया प्रजातीतील सर्व जाती २ जानेवारी २०१७ पासून साइट्स कराराच्या, म्हणजे धोक्यातील वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्टांत आहेत. यांतील एक ब्राझिलियन जात १९९२ पासूनच अधिक कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहे, बाकीच्या दुसऱ्यात. दुसऱ्या परिशिष्टाचा अर्थ बंदी असा नसून देशाबाहेर नेताना परवाना लागतो असा आहे. लाकूड विकणाऱ्याला एवढे माहीत असावे.

जुन्या हत्यारांच्या कोपऱ्यात मात्र आम्ही चौघेही लहान मुलांसारखे झालो. हत्यारे बनवणाऱ्या स्टॅनली या अमेरिकी कंपनीने १८६९ मध्ये लेनर्ड बेली यांचा व्यवसाय विकत घेतल्यानंतर ज्या घडणीचे रंधे लाखोंनी निघाले, त्यातील बरेच तिथे होते. चकचकीत रंगवलेल्यांपासून दूर राहावे, असे माझे मत झाले. गंजलेला रंधा आपले दोष लपवत नाही, तर ताज्या रंगाखाली बिडाची तडे गेलेली बाजू सहज झाकली जाते. पात्याची लांबी किती उरली आहे, तळाच्या तोंडाशी चीर आहे का, मागची बैठक हलते का, एवढे पाहिले की निम्मे रंधे बाद होतात.

स्पर्धेतील वस्तू दोरीपलीकडे होत्या. कामे सुंदर होती, विशेषतः हाताने कापलेल्या डोव्हटेल, म्हणजे पंख्याच्या आकाराचे दाते एकमेकांत अडकवणाऱ्या, सांध्यांचा एक लहानसा खणांचा संच. पण खण बंद होते आणि ते उघडायला कुणी नव्हते. खण बाहेर ओढल्याशिवाय त्याच्या कामाचे मोल कळत नाही. परीक्षकांनी कोणत्या निकषांवर क्रमांक दिले, याची एक ओळही कुठे लावलेली नव्हती. बसायला बाकडी कमी होती, आणि लाकूडकामाच्या प्रदर्शनात ही गोष्ट जरा अधिकच टोचते.

जायचे असल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी जावे. पहिल्या दिवशी अर्धी टेबले मांडली जात असतात आणि शेवटच्या दुपारी प्रात्यक्षिककारांचा आवाज बसलेला असतो. आमच्यापैकी यंत्रप्रेमी मित्राने धुळीचे यंत्र घेतले नाही, मैत्रिणीने ८००० क्रमांकाचा दगड घेतला, कातारी मित्राने ओल्या लाकडाचा एक ओंडका उचलला, ज्याच्या टोकांना तो वाटेतच मेण लावत बसला होता. मी एक हिऱ्याच्या भुकटीची घासपट्टी घेतली. घरी आल्यावर तिच्यावर माझ्या जुन्या रंध्याच्या चिप ब्रेकरची पुढची कड ५० अंशांना घासली, ती धारेच्या अगदी जवळ आणली आणि रक्षकाची चिठ्ठी अजून चिकटलेली ती शिसवाची फळी शिकंज्यात आवळली. पहिला छिलका गुंडाळला गेला. पट्टी आणखी केसभर पुढे सरकवल्यावर दुसरा सरळ उभा राहिला.